दाब, सोड

ट्रेलरचे ब्रेक लागत नाहीत हे कळलं
कानोराच्या अलीकडे, ओढ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर.
घोडीचं, लोखंडाचं, पेंढ्याचं सगळं वजन
मागून हळूच पाठीला येऊन टेकलं,
जसं कुणी रांगेत टेकतं.
कंट्रोलरच्या डबीत आकडा उमटायचा, विझायचा,
पुन्हा उमटायचा.
मी गिअर उतरवत उतरवत थांबले.
घोडीने एकदा पाय आपटला. तेवढंच.

हे काम एकटीचं नव्हे.
एकीने गाडीत बसून पट्टी दाबायची,
दुसरीने चाकाशी कान लावायचा.
आणि आमच्या बाजूला तीन मैलांत माणूस एकच,
माझी बहीण ओल्हा,
जिच्याशी बाबांचा पूर्वेकडचा तुकडा विकल्यापासून
मी बोललेले नाही.

ती आली. एका खिशात मीटर, दुसऱ्यात बिस्किटं.
डोक्यावर बाबांची टोपी.
मी पाहिली, आणि पाहिली नाही असं केलं.

ऑक्टोबर. खडीवर दहिवर अजून कडक.
मी पाठीवर पडून एक्सलखाली सरकले.

'दाब.'
डावं पुढचं चाक: आत चुंबक गुणगुणला,
बाटलीत अडकलेल्या माशीसारखा.
'सोड.'
'दाब.'
उजवं पुढचं: तसंच.
'सोड. दाब.'
डावं मागचं गुणगुणलं, पण खोकल्यागत.
'सोड. दाब. दाबलंस का?'
'दाबलंय.'
उजवं मागचं गप्प.

दोन वर्षांत आमच्यात झालेलं
हे सगळ्यात लांब बोलणं.

सात पिनांचा प्लग उघडला तर आतलं तांबं हिरवं,
कल्हई गेलेल्या पातेल्यात ताक कळकावं तसं.
ओल्हाने निळ्या वायरची पिन घासली, फुंकली, घासली.
डबीतला आकडा आता विझेना.
तिसरं चाक खोकायचं थांबलं.
चौथं गप्पच.

तिने मीटर लावला. सव्वातीन ओहम.
म्हणजे चुंबक जिवंत.
म्हणजे वीज येते, पण परतायला वाट नाही.
पांढरी वायर बोटांनी चाचपत मी मागे मागे गेले
आणि चौकटीशी सापडला स्क्रू,
बाबांचा, खाच बरोबर आडवी, त्यांच्या सवयीने,
आणि त्याच्याखाली निळा रंग. अखंड.
त्यांनी तो खरवडलाच नव्हता.
इतकी वर्षं ती वायर रंगाला धरून होती,
नुसत्या रंगाला.

बाबा हातच्या कामात चुकत नाहीत,
या एका गोष्टीवर आम्ही दोघी
भांडतानाही एक होतो.

ओल्हा वाकली. टॉर्च माझ्या डोळ्यांत, मग स्क्रूवर.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, 'याला अर्थच मिळत नव्हता.'
वायरमनच्या भाषेतला अर्थ, जमिनीचा.
जमीन हा शब्द तिने टाळला, मीही.

चाकूने रंग काढला.
खाली लोखंड चकाकलं, नख कापल्यावर दिसावं तसं कोवळं.
स्क्रू आवळला. खाच आडवी ठेवली.
का, ते मला विचारू नका.

'दाब.'
चौथं गुणगुणलं.

इथे मी बाहेर यायला हवं होतं.
पाठ गारठली होती, केसांत ग्रीस,
घोडी आत कंटाळून लगाम चावत होती.
मी म्हटलं, 'सोड.'
मग म्हटलं, 'दाब.'
तिने दाबलं.
'सोड.'
तिने सोडलं.
वरून तिच्या बुटांचा आवाज, पिशवीचा आवाज,
ती बिस्किट खात होती बहुतेक.
'दाब,' मी म्हटलं.

किती वेळा, असं तिने विचारलं नाही.
बॅटरी उतरेल, एवढंच एकदा म्हणाली,
आणि दाबलं.